मर्यादित प्रयोजनासाठी आपल्यातला

अखिल उंबरझरे कुलबंधू मंडळ, नागपूर, या नोंदणीकृत संस्थेचा मी, चंद्रभान उंबरझरे, गेली अकरा वर्षे सचिव आहे. नागपूर शहर आणि लगतचे तालुके मिळून मंडळात दोनशे सात उंबरझरे आहेत. वर्षातून एकदा स्नेहमिलन, एकदा दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार आणि डिसेंबरात दिनदर्शिका, एवढे मंडळाचे कार्य. दिनदर्शिकेवर आमचे मूळ पुरुष सरदार उंबरराव यांचे घोड्यावर बसलेले चित्र असते. हे चित्र २००९ साली काढून घेतले. मूळ पुरुष दिसायला कसे होते याची नोंद कुठेच नसल्यामुळे चित्रकाराने आमचे अध्यक्ष भैय्याजी यांना स्टुलावर बसवून काढले आणि नंतर स्टूल खोडून तिथे घोडा घातला.

मनीषनगरात आमच्या घरामागे तीन रस्ते एकत्र येतात. त्या जागेला नाव नव्हते. लोक पाणीपुरीवाल्याचा कोपरा म्हणत. त्या जागेस ‘सरदार उंबरराव चौक’ असे नाव द्यावे, असा अर्ज मंडळाने संबंधित कार्यालयाकडे केला. चौदा महिन्यांनी उत्तर आले. त्यात म्हटले होते, की सदर सरदार अस्तित्वात असल्याचा पुरावा, तसेच अर्जदार हे सदर सरदारांचे वंशज असल्याचा पुरावा दोन प्रतींत सादर करावा. तीन रस्त्यांचा चौक कसा, हे मात्र त्यांनी विचारले नाही. उत्तर वाचून मला बरे वाटले. कोराडीच्या वीज केंद्रात आस्थापना शाखेत मी एकतीस वर्षे अशीच उत्तरे लिहिली. लिहिणारा माणूस तयारीचा होता.

कार्यकारिणीची बैठक भैय्याजींच्या कार्यालयात भरली. भैय्याजी प्लॉटचा धंदा करतात. त्यांनी पत्र ऐकले, गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका बाजूला सारला आणि म्हणाले, “अस्तित्वाचं मागून पाहू. वंशज तं आपण आहोच न. डीएनए करून टाकू सगळ्यायचा. माझ्या साळ्याच्या पोट्ट्यानं केला, तं त्याच्यात निघालं का तो पाव इराणी आहे.”

“आपल्यात कोणी इराणी निघाला तं?” कोषाध्यक्ष जितेंद्र उंबरझरे यांनी शंका काढली.

“निघाला तं निघाला. रंग पाहा त्या पोट्ट्याचा.”

ठराव एकमताने मंजूर झाला. हैदराबादेच्या एका प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार करण्याचे अधिकार सचिवांना, म्हणजे मला देण्यात आले.

त्याच आठवड्यात माझ्या घरी एक प्रकरण उपस्थित झाले. माझी मुलगी मिनल सत्तावीस वर्षांची आहे आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. चहाच्या वेळी ती म्हणाली, “बाबा, मले लग्न करायचं आहे. मुलगा मीच पाहिला.”

मी रीतसर विचारले, “आडनाव?”

“उंबरझरे.”

आडनाव एक म्हणजे भाऊबंद. पोट्टीने सगळे नागपूर सोडून नेमका भाऊ शोधला की काय, अशी मला भीती वाटली.

“नाव?”

“नागसेन.”

पुढे मी काही विचारले नाही. विचारायची गरज उरली नव्हती. भाऊबंद असल्याची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली.

“तो आपल्यातला नाही,” मी म्हणालो.

“आडनाव तेच आहे, गाव तेच आहे. पारशिवनीकडचं तुमचं उंबरझरा, तेच त्याचं उंबरझरा. नाल्याच्या इकडे तुमचं घर, तिकडे त्याचं.”

“इकडे-तिकडे हेच तं मी सांगून राहिलो.”

माझी पत्नी प्रेमिला स्वयंपाकघरातून आली. तिला सरकारी भाषा कधीच जमली नाही. ती म्हणाली, “अवो, पोट्टा कसा हाय ते तं इचारा. काय करते, कसा बोलते. का आडनावासंगच संसार करा लागते पोरीले?”

मुलगा पेंचच्या कालव्यावर कनिष्ठ अभियंता होता, निर्व्यसनी होता आणि मिनलच्या म्हणण्याप्रमाणे हसरा होता. यातली कोणतीही बाब प्रस्तुत नव्हती. पण वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, “हे पाहा, मंडळ डीएनए तपासणी करून राहिलं. मी त्याचाही नमुना पाठवतो. यंत्र तं कोणाची बाजू घेत नाही न? तो आपल्यातला निघाला, तर मी स्वतः अक्षता टाकीन.”

“लिहून द्या,” मिनल म्हणाली.

मी लिहून दिले. ‘श्री. नागसेन उंबरझरे हे तपासणीअंती आपल्यातले असल्याचे निष्पन्न झाल्यास प्रस्तुत विवाहास माझी हरकत राहणार नाही.’ खाली सही, तारीख, आणि हात सवयीने चालला म्हणून जावक क्रमांकही. मला खात्री होती. आपल्यातला कोण हे ओळखायला मला यंत्र कधीच लागले नव्हते. माणसाने नाव सांगितले की मी ओळखतो.

प्रयोगशाळेतर्फे डॉ. वैभवी नावाच्या बाई माझ्याशी फोनवर बोलत. आडनाव त्यांनी सांगितले नाही. मी दोनदा विचारले. त्यांनी समजावले, की बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाणारे एक गुणसूत्र असते. ते तपासले की दोन पुरुषांचा मागचा बाप एक होता का, ते कळते. बायकांमध्ये ते नसल्यामुळे त्यांचे नमुने लागणार नव्हते. मंडळाच्या बायका या निर्णयावर काहीच बोलल्या नाहीत. कार्यकारिणीत त्या नव्हत्याच. डॉ. वैभवींनी असेही सुचवले, की तुलनेसाठी मंडळाबाहेरचा एखादा उंबरझरे असावा. मी नागसेनचे नाव घातले. एकोणचाळीस नमुने आपले, चाळिसावा बाहेरचा.

कोरोनात नाकात घालत तशी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, असे काम होते. पहिल्या खेपेचे नमुने बारा दिवसांत परत आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की बहुतेक काड्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना एवढाच ऐवज आढळला असून त्यांत मनुष्याचा अंश अत्यल्प आहे. हा दोष नागपूरचा आहे, असे मी त्यांना कळवले. दुसऱ्या खेपेला मी सूचना काढली: नमुना देण्यापूर्वी एक तास खर्रा खाऊ नये. तो तास मी विसरणार नाही. चुलत्या-पुतण्याची दोन भांडणे झाली, उपाध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नमुना देऊन झाल्यावर पानठेल्यावरून परत घेतला. भैय्याजी सव्वा तास डोळे मिटून बसले होते. त्या अवस्थेत ते खरोखर मूळ पुरुषासारखे दिसत होते, घोडा तेवढा नव्हता.

नागसेन वेळेवर आला. सोबत त्याची आजी पंचफुलाबाई होती. तिला डोळ्याच्या दवाखान्यात दाखवून तो तसाच इकडे आला होता. मी त्याला सभागृहाबाहेर खुर्ची दिली. आतल्या खुर्च्या सभासदांसाठी होत्या.

“काका, काडी मीच फिरवू का तुम्ही फिरवता?” त्याने विचारले. मुलगा खरोखर हसरा होता. मी ते मनात नोंदवले नाही.

आजींनी काडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना मी नीट दिसत नसावा. “कायच्यासाठी गा हे?”

“आजी, तुम्ही आमच्यातले आहात का, ते पाहायसाठी.”

“आमी कई अर्ज देल्ला होता गा, तुमच्यातले व्हाचा?”

मी नोंदवहीत ‘आजींनी माहिती विचारली, देण्यात आली’ असे लिहिले.

सहा आठवड्यांनी निष्कर्ष आले. भैय्याजींच्या कार्यालयात आम्ही पाच पदाधिकारी बसलो आणि डॉ. वैभवींचा फोन टेबलावर मध्ये ठेवला. त्या म्हणाल्या, की चाळीस नमुन्यांत नऊ वेगवेगळी घराणी दिसतात. “गावावरून पडलेल्या आडनावांत असंच असतं. उंबरझरा सोडून जो बाहेर पडला, त्याला लोक उंबरझरे म्हणाले. सगळ्यांचा एकच मूळ पुरुष असायलाच हवा, असं नाही.”

मी इतिवृत्तात लिहिले: मूळ पुरुष नऊ असल्याचे निष्पन्न.

“चित्रात आठ घोडे वाढवा लागतीन,” जितेंद्र म्हणाले.

“माझं सांगा,” भैय्याजी फोनकडे झुकले. “मी कोणासंग जुळतो?”

“नमुना क्रमांक एक कोणाशीही जुळत नाही.”

भैय्याजी प्लॉटच्या धंद्यात चाळीस वर्षे काढलेला माणूस. कागद विरुद्ध गेला म्हणून ते खचत नाहीत. ते सावकाश म्हणाले, “बरोबर आहे. फांद्या फांद्यायशी जुळतीन. खोड कोणासंग जुळन? खोड एकच राहते.” अध्यक्ष हेच मूळ शाखा असल्याचा ठराव तिथेच मंजूर झाला. सूचक जितेंद्र, अनुमोदक मी.

मग डॉ. वैभवी म्हणाल्या, “सर्वांत जवळची जोडी मात्र छान आहे. क्रमांक चार आणि क्रमांक चाळीस. सदतीसपैकी सदतीस खुणा जुळतात. सहा-सात पिढ्यांमागे दोघांचा बाप एकच असावा.”

क्रमांक चार मी आहे.

मी फोनजवळ तोंड नेले. “मॅडम, हे कोणाकडून कोणाकडे गेलं असेल?”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्याकडून नाल्याच्या तिकडे गेलं, का... तिकडून इकडे?”

“यंत्र दिशा सांगत नाही,” त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या जितेंद्रने खुर्ची किंचित सरकवली. फार नाही, चार बोटे. अकरा वर्षे आम्ही एका ताटलीत आलूबोंडे खाल्ले होते. त्या चार बोटांनी मला जे झोंबले ते मी कोणाला सांगितले नाही.

घरी मिनल कागद घेऊनच बसली होती. तिने फक्त जावक क्रमांक वाचून दाखवला. मी दोन दिवसांची मुदत मागितली. मी पुरता अडकलो होतो. माझ्याच अक्षरातला कागद होता आणि तो नाकारणे मला शक्य नव्हते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःच्या सहीचा एकही कागद नाकारला नाही. मी त्यांचा अर्थ लावत आलो.

अर्थ जितेंद्रने लावला. त्याला मी फार हुशार समजत नसे. ते मत मी बदलले आहे. दुसऱ्या दिवशीच्या तातडीच्या बैठकीत तो म्हणाला, “चंद्रभानजी, तो आपल्यातला निघाला न? मग बात खतम. एका रक्ताचा झाला. भाऊ झाला तो तिचा. भाऊबंदांत कुठं लग्न लावतेत?”

मला उठून त्याला मिठी मारावीशी वाटली. इतके दिवस मी तो आपल्यातला नाही हे सिद्ध करायच्या मागे लागलो होतो, आणि खरी सोय तो आपल्यातला असण्यात होती.

पण भैय्याजींच्या कपाळावर आठी आली. “थांबा. आपल्यातला म्हटलं का मग तो स्नेहमिलनाले येईन. पंगतीत बसन. त्याच्या आजीचं वय काय?”

“ब्याऐंशी.”

“ती गेली तं आपल्याले सुतक. दहा दिवस. सीझनमधे गेली तं माझ्या दोन रजिस्ट्र्या अडकतीन. अन् त्याचे भाऊ, काके, सगळेच आपल्यातले होतीन. मंडळ त्यायचं का आपलं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. अशा वेळी मसुदा करणारा माणूस लागतो. मी कागद पुढे ओढला आणि वीस मिनिटांत ठराव क्रमांक सात लिहून काढला. माझ्या हातून उतरलेल्या उत्तम मसुद्यांपैकी तो एक आहे, म्हणून पूर्ण देतो:

‘असे ठरविण्यात येते की, श्री. नागसेन उंबरझरे, राहणार मौजा उंबरझरा, हे केवळ विवाहनिषेधाच्या मर्यादित प्रयोजनासाठी आपल्यातले समजण्यात यावेत. सभासदत्व, पंगत, सुतक, सत्कार, दिनदर्शिकेची प्रत तसेच इतर सर्व प्रयोजनांसाठी ते पूर्वीप्रमाणेच आपल्यातले नसल्याचे समजण्यात येईल. सदर ठराव पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे सात पिढ्यांपासून, अमलात येईल.’

टाळ्या झाल्या. जितेंद्रने खुर्ची पुन्हा जागेवर आणली.

मिनलने ठराव उभ्याउभ्याच वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, “बाबा, ते गुणसूत्र बापाकडून पोराकडे जाते. पोरीत नसते. तुमच्या डॉक्टरबाईंनीच सांगितलं न?”

“हो.”

“म्हणजे ज्याच्यापायी तुम्ही माझं लग्न मोडून राहिले, ते माझ्यात नाहीच.”

“तू उंबरझरे आहेस.”

“नागसेन आधी आपल्यातला नव्हता म्हणून नाही म्हटलं. आता आपल्यातला आहे म्हणून नाही म्हणता. मग तो काय निघाला असता, तं तुम्ही हो म्हटलं असतं?”

मी विचार केला. अगदी मनापासून केला. मग म्हणालो, “आवाज चढवून बोलू नको.” तिने आवाज चढवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक बॅग घेऊन तिच्या मैत्रिणीकडे, हर्षाकडे, राहायला गेली. जाताना तिने माझा जावक क्रमांकाचा कागद चहाच्या कपाखाली ठेवला. प्रेमिलाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे कमी केले. दुपारी ताट वाढून ती फक्त एवढेच म्हणाली, “जेवून घ्या. हे ताट सगळ्या प्रयोजनासाठी हाय.”

तीन आठवड्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक फोटो आला. विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर लावलेली नोटीस होती ती. वर नागसेन उंबरझरे, वधू मिनल चंद्रभान उंबरझरे, हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. खाली सत्तावीस सभासदांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली होती. भैय्याजींचा फोन आला, “चंद्रभानजी, हरकत नोंदवा. पुरावा आहे न आपल्याजवळ. यंत्राचा.”

मी चार पानी हरकत तयार केली. सोबत तपासणीचा अहवाल, ठराव क्रमांक सातची प्रत आणि सदतीस खुणांचा तक्ता जोडला. कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी पाने चाळली आणि म्हणाल्या, “हे राहू द्या. आधी आमचा नमुना भरा.” छापील अर्ज एक पानी होता. नाव, वय, पत्ता, हरकतीचे कारण. कारणात मी ‘एक रक्त’ असे लिहिले. पुढचा रकाना होता: आक्षेपकाचे वराशी नाते.

मी थांबलो. नाते ‘नाही’ लिहिले, तर एक रक्त कुठून आणले? ‘भाऊबंद’ लिहिले, तर माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी, सरकारी कागदावर कायमचे राहणार; त्या कागदावर दिशाही नसणार. ‘मर्यादित प्रयोजनासाठी’ हे शब्द लिहून पाहावेत म्हटले, पण रकाना जेमतेम दीड इंचाचा होता.

“एका शब्दात लिहा, काका,” बाई म्हणाल्या. “फार पिढ्यांमागचं नातं कायद्याच्या यादीत बसत नाही, ते मी तुम्हाला नंतर सांगीनच. पण रकाना तर भरा.”

तेवढ्यात माझ्या पेनातली शाई संपली. खरोखर संपली. मी पेन झटकत असताना शेजारून एक हात पुढे आला. साक्षीदारांची कागदपत्रे द्यायला नागसेन आणि मिनल आले होते, आणि मी आत शिरल्यापासून बाकावर बसून होते. मी त्यांना पाहिले नव्हते, किंवा पाहिले होते.

“काका, हा घ्या,” नागसेन म्हणाला.

मिनल उठली नाही. बाकावरूनच म्हणाली, “बाबा, लिहून टाका न एकदाचं. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

तिच्या पहिलीच्या दाखल्यापासून प्रत्येक अर्ज मीच भरत आलो होतो. त्या अर्जांवर ‘मुलीशी नाते’ असा रकाना असे आणि तिथे मी कधी थांबलो नव्हतो. माझ्या छातीत काहीतरी दाटून आले आणि ते मर्यादित नव्हते.

माझ्या टेबलावरून एकतीस वर्षांत हजारो अर्ज गेले. ज्यात एकही रकाना रिकामा होता, तो मी न वाचता परत पाठवला आहे. अपूर्ण अर्जाचे काय होते, हे नागपूर जिल्ह्यात माझ्यापेक्षा चांगले कोणाला माहीत असणार? मी तो रकाना सोडला, नागसेनच्या पेनाने खाली सही केली, पेन टोपण लावून परत दिला आणि बाहेर पडलो.

पाचव्या दिवशी पत्र आले. ‘अर्ज अपूर्ण असल्याने निकाली काढण्यात येत आहे.’ मंडळात मी नियमांवर ठपका ठेवला. सगळ्यांनी माझे सांत्वन केले.

लग्नाला मी गेलो नाही. प्रेमिला गेली, तिसरी साक्षीदार म्हणून तिचीच सही आहे. पंचफुलाबाईंनी तिला साडी नेसवून पाठवली. फोटो तिने मला मोबाइलवर दाखवला. मिनल हसत होती. मी तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा मागितला तेव्हा प्रेमिला म्हणाली, “जायले काय झालं होतं तुमाले?” मला जायला हवे होते. इतिवृत्तात ही नोंद घेता येत नाही, म्हणून इथे घेतो.

लग्नाच्या त्या दिवशी, त्याच वेळी, मी मंडळाच्या बैठकीत चौकाच्या प्रकरणाचे अंतिम उत्तर वाचून दाखवत होतो. मंडळाने पाठवलेला अहवाल मिळाला, असे कार्यालयाने कळवले होते. तथापि हे नमुने वंशजांचे असल्याने पुरेसे नाहीत. खुद्द सरदार उंबरराव यांचा नमुना, राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करून, दोन प्रतींत सादर करावा. भैय्याजींनी खर्रा थुंकला आणि सरदारांचा नमुना स्वतः द्यायला एक तास थांबायची तयारी दाखवली. खोड तेच होते.

आता थोडे तुमच्याविषयी. ही हकिकत तुम्ही इथवर वाचलीत, मान हलवलीत, आम्हा लोकांना मनात हसलात. हरकत नाही. फक्त एकदा मागे जाऊन पाहा. या साऱ्या मजकुरात मी कोणाचीही जात लिहिलेली नाही. नागसेनचीही नाही. त्याचा रकाना तुम्ही भरलात, तोही नाव वाचताक्षणी. पुढे काही विचारले नाहीत. विचारायची गरज उरली नव्हती. आणि उंबरझरे म्हणजे नेमके कोण, हा माझा रकाना तुम्हाला पहिल्या ओळीपासून भरता आलेला नाही, म्हणून आताही तुमची नजर वर-खाली फिरते आहे. तो मी रिकामा सोडला आहे. माहिती हवी असल्यास मंडळाकडे अर्ज करावा. सोबत आपला नमुना जोडावा. आधी एक तास खर्रा खाऊ नये.